शिवणीत न बसलेले अंक

(दृश्य: भुसावळ यार्ड, पहाट. एक मालगाडी हळूहळू रूळ बदलते आहे.)

मुंबईहून आलेली वाट भुसावळला फुटते. एक फाटा नागपूरकडे, दुसरा खंडव्यावरून इटारसीकडे. गाडी एका रुळावरून शेजारच्या रुळावर न्यायची तर मध्ये एक तिरपा जोड लागतो. रेल्वेची माणसं त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. नानांची सगळी नोकरी असल्या जोडांवरून गेली. ते मालगाडीचे गार्ड होते.

निवृत्तीनंतर नाना दुसऱ्याच क्रॉसओव्हरच्या मागे लागले. हा कागदाचा. एका नायकाची गोष्ट चालता चालता दुसऱ्याच्या गोष्टीत शिरते, मग तिसरा येतो, चौथा येतो, आणि एकच कथा वेगवेगळ्या नावांच्या पाच-पंचवीस अंकांत पसरते.

(दृश्य: ओसरी. काळ्या रंगाची लोखंडी पेटी. झाकण उघडतं.)

ही गार्डची लाइन बॉक्स. झेंडे, बत्ती, फटाके, कामाचे कागद, सगळं हिच्यात घेऊन गार्ड गाडीवर चढायचा. आता हिच्यात कॉमिक्स आहेत. सुट्टी मिळाली की नाना पासावर मुंबईला जायचे, फाउंटनच्या फुटपाथवरून जुने अंक उचलायचे आणि रात्रीच्या गाडीने परत यायचे. जे सापडेल ते घ्यायचं. पहिला अंक हाती लागेलच असं नाही, शेवटचा तर नाहीच नाही.

(दृश्य: पातेल्यात खळ शिजते आहे. जवळून.)

मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचुदाने कसर लागत नाही. खळ गार होईस्तोवर नाना अंकांच्या गंजलेल्या पिना काढतात. नखाने नाही, बोथट सुरीने, एकेक पाय सरळ करून. मग पानं ठोकून एकसारखी करायची, कडेला दाभणाने भोकं पाडायची आणि मेण लावलेला दोरा ओवायचा. वर पुठ्ठा, पाठीला कापड.

पण खरं काम दोऱ्याच्या आधीचं. कोणत्या अंकानंतर कोणता लावायचा? नाना ओसरीवर अंक पसरतात आणि गोष्ट जशी घडते तशी रांग लावतात. मग एकेक अंक उचलून बाजूला ठेवून बघतात: हा नसला तर गोष्ट अडते का? अडली तर अंक शिवणीत. नाही अडली तर पेटीत परत. क्रॉसओव्हर पारखायची याहून सरळ पद्धत आम्हाला कुठे दिसली नाही.

(दृश्य: जाड बांधीव खंड. बोट पानावरून फिरतं.)

हा खंड सगळ्यात मळलेला. डीसी या अमेरिकी कॉमिक्स कंपनीची 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स', १९८५-८६, बारा अंक. लेखक मार्व वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. १९६१ मध्ये फ्लॅश, डीसीचा वाऱ्याच्या वेगाने धावणारा नायक, दुसऱ्या पृथ्वीवरच्या जुन्या फ्लॅशला भेटला, आणि तेव्हापासून डीसीच्या पृथ्व्या वाढतच गेल्या, प्रत्येकीवर आपापले नायक. कोणता सुपरमॅन कुठला, हे नव्या वाचकाला कळेना. या बारा अंकांनी तो पसारा आवरून एकच पृथ्वी ठेवली.

कॅमेरा इथे थांबवलाय तो मुद्दाम. या पानावर किती माणसं आहेत बघा. पेरेझच्या गर्दीत कुणी नुसता भर म्हणून उभा नसतो. मागच्या रांगेतला, बोटाच्या नखाएवढा माणूससुद्धा कुणीतरी आहे, त्याची स्वतःची गोष्ट आहे. क्रॉसओव्हरचं पहिलं बळ हेच. तुम्ही सुपरमॅनसाठी आलात आणि जाताना दहा अनोळखी नावं घेऊन गेलात.

नानांना सातवा अंक आधी मिळाला. मुखपृष्ठावर सुपरमॅनच्या हातांवर सुपरगर्लचा मृतदेह. नंतर नववा मिळाला. आठवा नाही. नवव्यात फ्लॅश नाहीसाच झालेला! तो कुठे गेला हे नानांना कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. जग वाचवताना तो धावत राहिला, धावता धावता देह झिजून गेला आणि मागे नुसता रिकामा पोशाख उरला. हे आठव्यात आहे.

(दृश्य: आठव्या अंकाचं शेवटचं पान. नाना काही बोलत नाहीत. इथे निवेदन नाही.)

२००८ मध्ये डीसीने फ्लॅशला परत आणला. त्याच्याआधी सुपरगर्लही नव्या रूपात आली होती. वाचकाने ज्याचं सुतक पाळलं तो असा परत येत राहिला, तर पुढच्या मरणाला वजन उरत नाही.

(दृश्य: दुसरा खंड. काळ्या पोशाखातला स्पायडरमॅन.)

ही डीसीची स्पर्धक कंपनी मार्व्हल, तिची 'सीक्रेट वॉर्स', १९८४-८५. हिचा जन्म खेळण्यांसाठी झाला. मॅटेल कंपनी मार्व्हलच्या नायकांच्या बाहुल्या काढणार होती, त्यांना साजेशी मोठी लढाई हवी होती. पण गोष्ट बाजारासाठी लिहिली म्हणून ती वाईटच असते, असं आम्ही म्हणणार नाही. स्पायडरमॅन स्वतःच्या अंकात एकदम काळा पोशाख घालून परतला. तो त्याला मिळाला कुठे, हे सांगणारा 'सीक्रेट वॉर्स'चा आठवा अंक काही महिन्यांनी आला. तेवढे महिने वाचकांनी नुसते तर्क केले. त्याच पोशाखातून पुढे व्हेनम हा खलनायक निघाला. हा अंक शिवणीत घ्यावाच लागतो.

(दृश्य: पेटीच्या तळातले सुटे अंक.)

आणि हे शिवणीत न आलेले. नाना सांगतात, "या इतक्या अंकांत आपला नायक फक्त आभाळाकडे पाहतो. लढाई दुसरीकडंच चाललेली राहते." वर मोठ्या कथेचं नाव छापलेलं असतं म्हणून वाचक विकत घेतो. आत त्या नायकाची चाललेली गोष्ट मध्येच तोडून पाहुण्यांना जागा दिलेली असते. रुळावरची गाडी थांबवून दुसरी पुढे काढावी तसं. महिन्याला एकच अंक परवडणाऱ्या पोरासाठी हा अन्याय आहे, हे आम्ही स्पष्ट म्हणतो.

(दृश्य: संध्याकाळ. ओसरीवर चार-पाच मुलं. नागराज, ध्रुवची हिंदी कॉमिक्स.)

मुलांचा ओढा इकडे जास्त. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा. नागराजच्या अंगात सूक्ष्म साप, ध्रुवकडे तसली अमानवी शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला मुलगा, डोकं आणि कसरत हीच खरी पुंजी. हे दोघे एका विशेषांकात आले की ध्रुवची हुशारी जास्त उठून दिसते, कारण शेजारी नागराज उभा असतो. जोडी जमवताना एवढं साधलं तरी पुष्कळ.

स्टेशनवरचा पुस्तकांचा स्टॉल बंद झाला. रद्दीत कॉमिक्स आता क्वचित येतात.

(दृश्य: एक मुलगा खांबाला टेकून वाचतो आहे.)

हा वाचतोय 'सिव्हिल वॉर', २००६-०७. मार्व्हलचे नायक दोन गटांत फुटतात. आयर्नमॅन नायकांच्या सरकारी नोंदणीच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. लेखक मार्क मिलर, चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन. इथे दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे, म्हणून ओसरीवर अजून यावरून भांडणं होतात. मूळ अंक सात. सातव्याच्या शेवटी कॅप्टन अमेरिका शस्त्र खाली ठेवतो, त्याला बेड्या पडतात. पुढे न्यायालयाच्या पायऱ्यांवर त्याला गोळी लागते. पण ते या सातांत नाही, त्याच्या स्वतःच्या मासिकाच्या पंचविसाव्या अंकात आहे.

"नाना, पुढला माले द्या ना."

(दृश्य: मुलगा पान उलटतो.)

सातव्या अंकानंतर नानांनी एक कोरा कागद शिवून ठेवलाय. वर पेन्सिलीने लिहिलंय: कॅप्टन अमेरिका, अंक २५, मिळाला की इथे. मुलगा ते वाचतो. मग कागद उलटून मागची बाजू बघतो.