रात्री अडीचला दिवा कुठून बंद करायचा? लक्झरी हॉटेलातलं यंत्र आणि माणूस

रात्रीचे अडीच. एका रात्रीचे तीस हजार मोजलेला पाहुणा पलंगावर बसून टॅबलेटशी झटापट करतोय. सगळे दिवे विझलेत, कपाटातला एक तेवढा विझत नाही. त्याचं बटण 'मूड' नावाच्या पानात, तिथून आणखी एका पानात. शेवटी तो रिसेप्शनला फोन लावतो. एवढा खर्च करून हॉटेलने काय मिळवलं? एक फोन वाढवला.

आमचा निकष सोपा आहे. यंत्र आल्यावर काम कुणाचं कमी झालं? पाहुण्याचं झालं असेल तर उत्तम. पण हॉटेलचं काम त्याच्या गळ्यात पडलं असेल, म्हणजे क्यूआर कोड स्कॅन करून मेन्यू वाचा, टॅबवर स्वतःच पत्ता भरा, तर ते बजेट हॉटेलात खपेल, इथे नाही.

मुंबईचं ताज १९०३ साली उघडलं, तेव्हा विजेचे दिवे, अमेरिकन पंखे आणि जर्मन लिफ्ट हीच त्याची मिजास होती. जोडीला इंग्लिश बटलर. पंखा फिरवायला कुणी ॲप डाउनलोड करायला सांगत नव्हतं!

[स्क्रीनवर: खोलीचं दार आणि छतावरचा सेन्सर]

आता खोलीत शिरू. दाराशी कार्ड खोचायची खाच असते, वीज वाचवायला. पाहुणे तिथे व्हिजिटिंग कार्ड खोचून एसी चालूच ठेवतात. म्हणून छतावर सेन्सर आला. तो शरीराच्या उष्णतेवरून हालचाल टिपतो. पण गाढ झोपलेला माणूस, त्यात पांघरूण घेतलेला, हलतो किती? सेन्सर म्हणतो खोली रिकामी. एसी बंद, आणि मे महिन्यात पाहुणा घामाघूम होऊन जागा.

यावर उपाय म्हणजे दाराच्या चौकटीत बसवलेला चुंबकाचा छोटा स्विच. दार कधी उघडलं, कधी बंद झालं, हे तो सांगतो. दार बंद झाल्यावर आत एकदा जरी हालचाल दिसली, तर दार पुन्हा उघडेपर्यंत माणूस आत आहे असंच धरायचं. दहा-पंधरा मिनिटं काहीच हललं नाही, तरच खोली रिकामी.

इथेही एक फट राहते. पहाटे नवरा फिरायला गेला, बायको झोपलेली. दार उघडून बंद झालं, आत हालचाल नाही. पुन्हा तोच घोटाळा. म्हणून रात्री दहा ते सकाळी आठ, खोलीत पाहुणा उतरलेला असेल तर हा नियम लागूच करायचा नाही. आणि दिवसाही एसी पूर्ण बंद न करता २६-२७ अंशांवर न्यायचा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत बंद खोलीतल्या गाद्या-पडद्यांना कुबट वास धरतो, तो घालवताना वाचलेली वीज विसरा.

पलंगाच्या दोन्ही बाजूंना, अंधारात चाचपडून सापडेल असं एक खरंखुरं बटण हवं: सगळं बंद. फक्त बाथरूमच्या वाटेवरचा, पायाशी असलेला मंद दिवा सोडून.

हाँगकाँगचं पेनिन्सुला १९२८ सालचं. तिथल्या खोलीत टॅबलेट आहेतच, पण खरी हुशारी दिसते ती व्हॅले बॉक्समध्ये. भिंतीतलं कपाट, एक दार खोलीत, दुसरं कॉरिडॉरमध्ये. बूट आत ठेवायचे, कर्मचारी बाहेरून घेऊन जातो. ना बेल, ना ओल्या अंगाने दार उघडणं.

[स्क्रीनवर: एकाच पाहुण्याच्या तीन प्रोफाइल]

खरी गंमत मात्र प्रोफाइलमध्ये, म्हणजे हॉटेलने ठेवलेल्या पाहुण्याच्या नोंदीत आहे. समजा, कुलकर्णी तिसऱ्यांदा येतायत. उशी कडक लागते, शेंगदाण्याची ॲलर्जी, हे त्यांनी पहिल्याच वेळी सांगितलंय. तरी पलंगावर मऊ उशी. कारण सिस्टिममध्ये तीन कुलकर्णी आहेत: एक कंपनीने बुक केलेले, एक ट्रॅव्हल साइटवरून आलेले, एकाच्या स्पेलिंगमधला 'आर' गळलेला. काही साइट पाहुण्याचा खरा ईमेल देत नाहीत, स्वतःचा आडपडद्याचा पत्ता देतात. मग ईमेलवरून जुळणार काय?

उद्याची अरायव्हल लिस्ट, म्हणजे येणाऱ्या पाहुण्यांची यादी, आदल्या रात्रीच्या शिफ्टने उघडायची. सॉफ्टवेअर सारखी नावं सुचवेल, पण मर्ज करण्याआधी, म्हणजे दोन नोंदी एक करण्याआधी, माणसाने मोबाइल नंबर आणि जन्मतारीख ताडून पाहायची. डोळे झाकून मर्ज केलं की बापाची ॲलर्जी मुलाच्या नावावर जाते, आणि ते निस्तरणं महाकठीण. ॲलर्जी 'रिमार्क्स'मध्ये लिहून उपयोग नाही, ती केओटीवर, म्हणजे किचनमध्ये जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, छापून आली पाहिजे. तरीही वेटरने तोंडी विचारायचंच. उशीचं मात्र बोलायचं नाही. कडक उशी ठेवून द्यायची, 'आमच्या सिस्टिममध्ये नोंद आहे सर' असं ऐकवलं की पाहुण्याला पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

आता विनंत्यांचं ॲप. पाहुण्याने इस्त्री मागितली, तिकीट (त्या कामाची नोंद) निघालं, रूम अटेंडंटच्या फोनवर गेलं. दहा मिनिटांत झालं नाही तर सुपरवायझरला अलर्ट. कागदावर झकास. होतं काय, तर नववं मिनिट लागलं की इस्त्री लिनन रूममध्येच (चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीत) असताना अटेंडंट 'क्लोज' दाबतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तुम्ही त्याचे आकडे मोजताय, तो आकडे देतोय.

म्हणून क्लोज झाल्यावर पाच मिनिटांनी ऑपरेटरने खोलीत फोन करायचा: 'इस्त्री मिळाली ना?' मात्र डीएनडी ('डू नॉट डिस्टर्ब') लावलेलं असेल तर फोन नाही, ड्युटी मॅनेजरने अटेंडंटलाच विचारायचं. आणि पाहुणा 'नाही' म्हणाला तर नवं तिकीट काढायचं नाही, जुनंच उघडायचं. नवं काढलं की घड्याळ शून्यापासून सुरू होतं, आणि झालेला उशीर रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही.