गणपतीक येवा, पण ताप घेऊन येताना जरा जपून

नमस्कार मंडळी. गणपती तीन आठवड्यांवर आलेत, तुमच्यातल्या बऱ्याच जणांची घरं रंगवून झाली असतील, नाहीतर रंगाचा डबा पडवीत येऊन पडला असेल आणि रंगवायला माणूस मिळत नसेल, या दिवसात आपल्याकडे तेच चालतं. मला रेडिओवाल्यांनी फ्लूबद्दल बोलायला सांगितलंय. म्हटलं बोलते, पण थंडीतल्या फ्लूबद्दल नाही, गणपतीतल्या फ्लूबद्दल बोलते, कारण आपल्या सिंधुदुर्गात, रत्नागिरीत खरी गाठ त्याच्याशीच पडते.

कसंय, टीव्हीवर फ्लू म्हटलं की बर्फ आणि मफलर दिसतो, त्यामुळे आपल्याला वाटतं हा थंडीचा आजार. आपल्या देशात त्याचे दोन सीझन असतात, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. म्हणजे बरोबर चतुर्थीच्या आसपास. २००९ आठवतंय ना? स्वाइन फ्लूचा भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तो ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि त्या वर्षी गणपती बसले २३ ऑगस्टला. तोच एच-वन-एन-वन आता दरवर्षी येणाऱ्या साध्या फ्लूंपैकी एक होऊन बसलाय, त्यामुळे नाव ऐकून घाबरायचं काही कारण नाही, पण तो गेलेला नाही एवढं लक्षात असू द्या.

आता आपल्याकडे होतं काय ते बघा. वर्षभर घरात दोन म्हातारी माणसं, फार तर एखादी सून आणि दोन पोरं. आणि चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसात त्याच घरात वीस माणसं. ही माणसं कुठून आली, तर लोकलच्या गर्दीतून ऑफिस करून, रात्री दादरला नाहीतर दिव्याला गाडीत घुसून, जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नाही, पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद, दहा-बारा तास सगळे एकमेकांच्या अंगावर, त्यात कोणीतरी एक खोकतोय. एसटीच्या जादा गाड्यांचं तेच. फ्लूचा विषाणू शरीरात गेल्यापासून एक ते चार दिवसात ताप येतो, आणि गंमत अशी की ताप यायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणजे कणकवलीला बॅगा घेऊन हसत उतरलेला तुमचा मुलगा त्या क्षणाला ठणठणीत दिसतो, आईच्या पाया पडतो, आईला मिठी मारतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणतो अंग मोडून आलंय. मग आपण काय म्हणतो? पाणी बदललं. प्रवासाची दगदग झाली. चुलीच्या धुराची सवय राहिली नाही. सगळं म्हणतो, फक्त हे म्हणत नाही की याला फ्लू असू शकतो, याला जरा बाजूला झोपवूया.

प्रवासातून आजार पसरणं हे काही आजचं नाही. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात जहाजातून उतरला आणि रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेला, लाखोंनी नव्हे, कोटीच्या वर माणसं गेली. तेव्हा आपल्याकडे रेल्वे नव्हती, आपली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला. आता ती आहे, बरंच झालं, मी काही कोणाला येऊ नका म्हणणार नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण २०२० चा गणपती अजून लोकांच्या मनातून गेलेला नाही. चाकरमान्यांना दहा दिवस क्वारंटाइन, गावच्या शाळेत झोपायचं, वेशीवरून वाद, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. परत तसलं काही नको. फ्लूसाठी कोणाला वाडीबाहेर ठेवायची काही गरज नाही. फक्त प्रत्येक घरात एक-दोन माणसं अशी असतात की त्यांना हा ताप महागात पडतो, त्यांना सांभाळायचं, बाकीच्यांनी खुशाल गणपती करायचा.

ती माणसं कोण? साठ-पासष्टच्या वरची म्हातारी, गरोदर बाई, पाच वर्षांच्या आतलं पोर, त्यातही दोन वर्षांच्या आतलं जास्त, आणि ज्यांना शुगर, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे ते. आत्ता रेडिओ ऐकता ऐकता मनातल्या मनात मोजा, आपल्या घरात कोण कोण. यातल्या गरोदर बायकांना आणि शुगर-बीपीवाल्यांना सरकारी दवाखान्यात फ्लूची लस मोफत देतात, साठा असेल तेव्हा, तर या आठवड्यातच आशाताईंना किंवा सिस्टरना विचारून ठेवा. या आठवड्यात का म्हणते, तर लस घेतल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, चतुर्थीच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. आणि मागच्या वर्षी घेतली होती म्हणून यंदा चालेल असंही नाही, ती दरवर्षी घ्यावी लागते कारण विषाणू रूप बदलत राहतो. लस घेऊनही ताप येऊ शकतो, पण ॲडमिट व्हायची वेळ येण्याची शक्यता कमी होते, आणि आजीच्या बाबतीत आपल्याला तेवढंच तर हवंय.

मुंबई-पुण्यात कोणी हे ऐकत असेल तर तुमच्यासाठी एक सांगते. गाडीत मास्क लावा, तो घरात कुठेतरी ड्रॉवरमध्ये पडलेला आहेच. आणि निघायच्या दिवशीच ताप असेल तर तिकीट कितीही मुश्किलीने मिळालेलं असो, दोन दिवस उशिरा या, पाच दिवसांचा गणपती असेल तर गौरीला तरी पोचाल. दीड दिवसाचा असेल तर, हं, ते अवघड आहे, मला माहितीये. यायचंच असेल तर मग घरी फोन करून आधी सांगा की मला ताप आहे, आल्यावर लपवू नका.

आता घरात कोणाला ताप आला तर काय. त्याला एक खोली द्या, खोली नसेल तर पडवीतली मोकळी हवा सगळ्यात चांगली, माजघरात ओळीने चौदा जण झोपतात त्या ओळीत त्याला झोपवू नका. आजी आणि तान्ही पोरं यांच्यापासून तरी नक्की लांब. आरतीला त्याने दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या तरी देव ऐकतो. खिडक्या उघड्या ठेवा, पाऊस थोडा आत आला तर येऊ दे. धूप, अगरबत्ती, कापूर आणि बंद खोली, यात दमेकऱ्याचे हाल होतात, त्यातच फ्लू आला तर विचारायलाच नको.

आणि स्वयंपाकघर. इथे मला खरंच राग येतो. घरातल्या पुरुषाला ताप आला की तो खाटेवर, त्याला पेज जाग्यावर. सुनेला ताप आला की ती गोळी घेऊन मोदक वळतेय, कारण एकवीस मोदक आणि वीस माणसांचं जेवण करणार कोण. तापाची, खोकणारी बाई स्वयंपाकात नको, एक तर तिला विश्रांती हवी आणि दुसरं म्हणजे तिच्या हातून, शिंकेतून ते सगळ्या घराला जातं. मुंबईहून आलेल्या भावांना नारळ खोवता येतो, विळीवर बसायला लाज वाटत असेल तर हल्ली मशीन मिळतं. भांडी पण घासता येतात. हे मी दरवर्षी सांगते, दरवर्षी बायका हसतात.

भजनाचं एक राहिलं. भजनी मंडळ एका रात्रीत पाच-सहा घरं करतं, पखवाजाच्या शेजारी दाटीने बसून तोंड उघडून मोठ्याने गजर, एवढा विषाणू तर दिवसभर खोकूनही बाहेर पडत नसेल. बुवांचा आवाज नुसता बसलाय की ताप पण आहे एवढं विचारा. ताप असेल तर त्या रात्री दुसऱ्या कोणाला पेटीवर बसवा. चहाचे कप एकाच बादलीत बुचकळून परत फिरवायचे, ते बंद करा, साबणाने धुवा नाहीतर कागदी कप आणा. आणि दारात पाय धुवायला पाणी ठेवतोच ना आपण, तिथेच एक साबण ठेवा, प्रसाद घ्यायच्या आधी हात वीस सेकंद चोळून धुवायचे.

औषधाचं बोलूया. साध्या तब्येतीच्या माणसाला फ्लू झाला तर तीन-चार दिवस ताप, अंगदुखी, घसा, सुका खोकला, मग ताप उतरतो, खोकला मात्र दोन आठवडेसुद्धा रेंगाळतो. त्याला लागतं काय, तर आराम, पॅरासिटामॉल आणि पाणी. उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, वर कुळथाची पिठी, यापेक्षा चांगलं आजारपणातलं जेवण मला कोणी शिकवलेलं नाही. काढा प्या, घशाला बरं वाटतं, पण काढ्याने विषाणू मरत नाही आणि दिवसातून पाच वेळा कडक काढा पिऊन पोटात जळजळ घेऊन येणारे पण येतात. लहान पोरांना वाफ देताना गरम पाण्याचं पातेलं त्यांच्या पुढ्यात ठेवू नका, भाजलेली मुलं बघवत नाहीत.

पण लोकांना हे पटत नाही. दवाखान्यात आले की पहिलं वाक्य, "डॉक्टरानू, एक सुई मारा, सांच्याक भजनाक जावचा आसा." अहो, सुई मारून फ्लू एका दिवसात जात नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर चालत नाही, न्यूमोनिया वगैरे झाला तर डॉक्टर देतील, पण चतुर्थीला उशीर होतो म्हणून नाही. आणि बाजारातून रंगीबेरंगी गोळ्यांची पुडी आणू नका, त्यात काय काय असतं ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुखण्याच्या जोरदार गोळ्या, इंजेक्शनं तर अजिबात नको, कारण याच दिवसात डेंग्यू पण असतो आणि डेंग्यूत त्यांनी रक्तस्त्राव वाढू शकतो. ताप कशाचा ते ठरेपर्यंत पॅरासिटामॉल, बस.

मगाशी मोजून ठेवलेली ती घरातली एक-दोन माणसं, त्यांचा नियम मात्र वेगळा. त्यांना ताप आला तर वाट बघायची नाही. फ्लूवर ऑसेल्टामिव्हिर नावाचं औषध आहे, ते ताप आल्यापासून पहिल्या ४८ तासात सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, सरकारी दवाखान्यात मिळतं, रिपोर्टची वाट बघत बसावं लागत नाही, डॉक्टर बघून ठरवतात. आपल्याकडे होतं असं की आजीला पहिल्या दिवशी ताप येतो, ती म्हणते "माका काय झाला नाय", दुसऱ्या दिवशी गौरी येतात, घरात ओवसा, तिसऱ्या दिवशी पाहुणे, आणि विसर्जन झाल्यावर पाचव्या दिवशी आजीला आणतात तेव्हा तिला धाप लागलेली असते. औषधाचे ते पहिले दोन दिवस हातचे गेलेले असतात. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप फार चढतही नाही, नुसती सुस्त पडते, जेवत नाही, काहीतरी असंबद्ध बोलते, तेही धोक्याचंच समजा. शुगरवाल्यांची शुगर तापात वाढते, त्यात समोर करंज्या, तर इन्सुलिन-गोळ्या मनाने बंद करू नका. हरतालिकेचा निर्जळी उपास गरोदर बाईने आणि तापाच्या बाईने धरू नये, सासूबाईंनी स्वतःहून सांगितलं तर सगळ्यात चांगलं.

कोणीही असो, धाप लागली, छातीत दुखलं, ओठ किंवा नखं निळसर झाली, थुंकीत रक्त आलं, माणूस जागा होईना, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी परत जोरात चढला, तर लगेच हॉस्पिटल. कोविडच्या वेळचं बोटाला लावायचं मशीन घरात असेल तर सेल बदलून ठेवा, ऑक्सिजन ९४ च्या खाली दाखवला तर थांबू नका. लहान पोराचा श्वास ते झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट मोजा, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या पोराचा ४० किंवा जास्त भरला तर लगेच दाखवा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर मोजत बसू नका, सरळ घेऊन या.

अजून एक, गावात राहणाऱ्यांसाठी. सगळाच ताप पाहुण्यांनी आणलेला नसतो. भातात उतरलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत, तर तो लेप्टो असू शकतो, उंदराच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होतो, पायाला जखम असेल तर पटकन. त्याची गोळी वेगळी आहे, लवकर दिली तर माणूस बरा होतो, उशीर झाला तर कावीळ, किडनी असं सगळं मागे लागतं. म्हणून दवाखान्यात आलात की न विचारता दोन गोष्टी सांगा: मी शेतात उतरलो होतो की नाही, आणि घरात आलेल्या कोणाला ताप होता की नाही.

१०८ नंबर सगळ्यांना माहितीये, ॲम्ब्युलन्स फुकट येते. पण आपल्या वाड्यांवर रेंज कुठे मिळते ते आधी बघून ठेवा, रात्री दोन वाजता फोन घेऊन पावसात सड्यावर चढायला नको. फोनवर "आमच्या घराकडे या" एवढं सांगून भागत नाही, गाव, वाडी, कुठला फाटा, फाट्यावर टॉर्च घेऊन कोण उभं राहणार, हे सांगावं लागतं. सजावटीचं सामान, बल्बच्या माळा रस्त्यात पसरलेल्या असतील तर गाडी दारापर्यंत येईल का तेही बघा, आणि साकवावरून गाडी जात नसेल तर पेशंटला पलीकडे न्यायला खुर्ची आणि चार माणसं कोण, ते मंडळाच्या मीटिंगमध्येच ठरवून टाका, नाहीतरी तिथे वर्गणीवरून दोन तास जातातच. चला, माझी वेळ झाली, आता तुमची गाणी लागतील. नमस्कार.