तिरका जोर

(दृश्य: पहाट. नारायणगावचा टोमॅटो बाजार. क्रेटच्या थप्प्या.)

इथं टोमॅटोचं माप एकच, क्रेट. एका क्रेटात 20 किलो माल. हा हमाल बघा. क्रेटला आकडा अडकवलाय आणि ओढत नेतोय. हात वर, क्रेट खाली, म्हणजे जोर तिरका. क्रेट मात्र फरशी सोडत नाही, सरळ पुढं सरकतं.

मग वरच्या अंगाला लागलेला जोर गेला कुठं?

अकरावीला सायन्स घेतलं की पोरं नेमकी इथं अडतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांपुढं अचानक ‘रिझॉल्व्ह द फोर्स’ येतं, म्हणजे तिरक्या जोराचे आडवा आणि उभा असे दोन घटक पाडा, आणि मग एक मंत्र पाठ होतो: आडवा तो कॉस, उभा तो साइन. हा मंत्र घाटात दगा देतो. तिथं जाऊच, आधी क्रेट.

(दृश्य: क्रेटवर बाण उमटतात.)

ओढ 100 न्यूटन धरू, फरशीशी कोन 30 अंश. आडवा घटक 86.6 न्यूटन. उभा घटक 50, वरच्या दिशेनं. क्रेटचं वजन 196 न्यूटन. त्यातले 50 आकड्यानं पेलले, फरशीवर टेकले 146. फरशीही क्रेटला तेवढ्याच जोरानं वर रेटते. हीच ती नॉर्मल रिअ‍ॅक्शन. घर्षण ठरतं या 146 वरून, वजनावरून नाही. पोरं बिनदिक्कत 196 घालतात आणि पुढचं सगळं गणित वाया जातं.

घर्षण गुणांक 0.3 धरला तर घर्षण 43.8 न्यूटन. 86.6 मधून ते वजा केलं, उरले 42.8. भागिले 20 किलो. त्वरण 2.14 मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता तोच गडी क्रेटच्या मागं जातो आणि वरून वाकून ढकलतो. जोर तोच, कोन तोच. पण उभे 50 आता खाली दाबतायत. फरशीवर 246, घर्षण 73.8, हातात उरले 12.8 न्यूटन. त्वरण 0.64. घाम तेवढाच, वेग धरणं तिपटीहून मंद. म्हणजे वर गेलेला जोर वाया गेलाच नव्हता. तो घर्षण कमी करत होता.

(दृश्य: कर्जत स्थानक. गाडीच्या मागं इंजिनं जोडली जातायत.)

पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर, म्हणजे चढावर रेटा देणारी जादा इंजिनं लागतात. तेवढ्यात फलाटावर वडे खपतात, ते वेगळं. पुढं बोरघाट. 1863 पासून इथून रेल्वे चढते, आणि सगळ्यात खडा चढ 37 मीटरला 1 मीटर. कोन दीड अंशाच्या आसपास. डोळ्यांना जाणवतही नाही.

इथं अक्ष आडवे-उभे धरले तर गणित विनाकारण किचकट होतं. कागद जरा तिरका करा. एक अक्ष रुळांच्या बाजूनं, दुसरा रुळांना काटकोनात. मग घटक पाडायचा तो वजनाचा, आणि रुळांच्या बाजूचा घटक निघतो साइनवर! मंत्र उलटा झाला. खरं तर कॉस म्हणजे आडवा असं कधी नव्हतंच. कोन ज्या अक्षाला चिकटलेला, त्याचा तो कॉस. इथं वजन सरळ खाली, आणि चढाचा कोन त्याच्या नि काटकोनातल्या अक्षाच्या मधे येतो.

समजा, गाडी 1000 टनांची. रुळांच्या बाजूनं खाली खेचणारा वाटा सदतिसावा, म्हणजे साधारण 27 टनांचा भार. चढताना तो कायम मागं ओढणार. बँकर मागून रेटतात, त्यामुळं डब्यांच्या कपलिंगवरचा ताणही कमी होतो.

उतरताना हाच वाटा गाडीला पळवतो. ब्रेक नाही आणि घर्षणही नाही असं धरलं, तर त्वरण 9.8 भागिले 37, म्हणजे 0.26. आकडा किरकोळ वाटतो. पण उभी गाडी सुटली, की एका मिनिटात वेग ताशी 57 किलोमीटर झालेला असेल. वस्तुमान कुठंच आलं नाही, ते दोन्हीकडून कटलं. क्रेट असो की मालगाडी, उत्तर तेच.

(दृश्य: मुख्य मार्गापासून फुटून चढत जाणारा रूळ.)

म्हणूनच घाटात हे कॅच साइडिंग. ब्रेक निकामी झालेली गाडी या रुळावर वळवली जाते. रूळ चढाचा आहे. इतका वेळ गाडीला पुढं पळवणारा वजनाचा वाटा इथं तिला मागं खेचू लागतो.