सेकंड हँड लॅपटॉप की भंगार? बासेल करारातला २०२५ चा बदल समजून घेऊ

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार. न्हावा-शेवाला एक कंटेनर उतरलाय. कागदावर लिहिलंय, 'वापरलेले संगणक, चालू स्थितीत'. आत खरंच चालू माल आहे की भंगार, हे ठरवायचं कुणी? पाठवणाऱ्याने, की ज्याच्या दारात तो येऊन पडलाय त्याने? तंत्रज्ञानातल्या समन्यायी सहकार्यावर परिषदा भरपूर होतात. त्यातलं प्रत्यक्षात किती उतरलं, ते या कंटेनरच्या सीलपाशी कळतं.

[स्क्रीनवर: २०२२ – जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा, रीतसर गोळा होऊन रीसायकल झालेला २२.३%]

उरलेल्यातला काही माल समुद्र ओलांडतो. त्याला आवर घालणारा करार म्हणजे बासेल करार. १९८९ मध्ये झाला, १९९२ पासून लागू आहे. त्याची मोठी फट अशी होती, की पूर्वसंमती, म्हणजे माल निघण्याआधी घेणाऱ्या देशाचा होकार, लागायची ती 'घातक' कचऱ्याला. मग निर्यातदार सरळ 'घातक नाही' असं लिहून मोकळा व्हायचा. ती फट बुजवायचा प्रस्ताव घाना आणि स्वित्झर्लंड यांनी मिळून मांडला. एकाच्या राजधानीत, आक्रा शहरात, आगबोगब्लोशी नावाच्या भंगार बाजारात तांब्यासाठी वायरी जाळल्या जायच्या. दुसरा श्रीमंत, निर्यात करणाऱ्यांच्या बाजूचा. मला यातली ही जोडीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. जून २०२२ मध्ये प्रस्ताव मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. आता घातक ई-कचरा 'ए ११८१' या नोंदीत, बिनघातक 'वाय ४९' मध्ये, आणि दोन्हींना पूर्वसंमती सक्तीची.

ही संमती मिळवतात कशी? निर्यात करणाऱ्या देशाचं सक्षम प्राधिकरण, म्हणजे या कामासाठी नेमलेलं सरकारी खातं, घेणाऱ्या देशाला आधी सूचनापत्र पाठवतं. माल कोणता, किती, कशात बांधलेला, कोणत्या मार्गाने, कुठल्या कारखान्यात जाणार, आणि त्या कारखान्याशी झालेला करार. वाटेत ज्या देशांमधून माल जाणार त्यांनाही कळवायचं. त्यांना उत्तराला ६० दिवस. घेणारा देश हो म्हणेल, अटी घालेल, माहिती मागेल किंवा नाही म्हणेल. उत्तर आलं नाही तर होकार धरायचा नाही, माल हलवायचा नाही. होकारानंतर मालाबरोबर एक वाहतूकपत्र फिरतं आणि ज्याच्या ताब्यात माल जाईल तो त्यावर सही करतो. शेवटी कारखान्याने काम पूर्ण झाल्याचं लेखी कळवलं, की फाईल बंद.

हे झालं कचऱ्याचं. पण 'हा कचराच नाही, वापरलेली वस्तू आहे' असं म्हटलं तर? तर यातलं काहीच लागत नाही! खरी गोम इथे आहे.

[स्क्रीनवर: उघड्या कंटेनरचं रेखाचित्र]

हे बघा. दारापाशी दोन रांगा नीट खोक्यातल्या, तपासलेल्या मॉनिटरच्या. त्यांच्यामागे सुटे, एकावर एक फेकलेले, काचा तडकलेले. दार उघडून समोरच्या रांगेतलं खोकं तपासलं, की माल पास. ही युक्ती जुनी आहे. म्हणून तपासणी आतून व्हायला हवी, आणि पॅकिंगसुद्धा पुरावा मानायला हवं. ज्याला वस्तू पुढे विकायची आहे तो ती अशी फेकत नाही.

युरोपीय संघाचा नियम इथे उपयोगी पडतो. प्रत्येक नगावर किंवा त्याच्या खोक्यावर नोंद हवी: वस्तूचं नाव, ओळख क्रमांक, उत्पादनाचं वर्ष, कोणती चाचणी केली, निकाल काय, जबाबदार कंपनी कोणती. 'सगळे चेक केलेत' असं एकच पत्र अख्ख्या कंटेनरला चालत नाही.

आणि दुरुस्तीसाठी पाठवलेल्या बंद वस्तूचं काय? ती कचरा की नाही? यावर देशांचं एकमत झालेलं नाही. २०१९ मध्ये कराराच्या जिनिव्हातल्या बैठकीत भारताने जोरदार हरकत घेतली, की दुरुस्तीच्या नावाखाली भंगार ढकललं जाईल. कचरा कोणता आणि वापरलेली वस्तू कोणती हे ठरवायची मार्गदर्शक तत्त्वं त्या वेळी स्वीकारली गेली ती तात्पुरती म्हणूनच. ही हरकत रास्त होती. दुरुस्तीनंतर उरलेले बाद पार्ट परत नेण्याची जबाबदारी कुणाची, हे लिहिलेलं नसेल तर ते घेणाऱ्याच्याच अंगणात राहतात.

बेकायदा माल सापडला तर निर्यात करणाऱ्या देशाने, कळवल्यापासून ३० दिवसांत तो परत न्यायचा. कागदावर छान. प्रत्यक्षात पाठवणारी कंपनी फोन उचलत नाही, बंदराचं आणि कंटेनरचं भाडं रोज चढतं, आणि ते भरायला आयातदार पुढे येत नाही. आणखी एक मोठी अडचण: अमेरिकेने करारावर सही केली, पण त्याला अंतिम मंजुरी दिली नाही, म्हणून ती सदस्य नाही. सदस्य देशाला बिगर-सदस्याशी असा कचरा व्यवहार, वेगळा करार असल्याशिवाय, करता येत नाही.

या बदलाची झळ उलट्या दिशेनेही बसते, आणि त्यावर फार कुणी बोलत नाही. सर्किट बोर्डमधून सोनं, पॅलॅडियम नीट काढायला मोठी भट्टी आणि तिच्या धुराचं शुद्धीकरण लागतं. बेल्जियममधल्या होबोकनसारखे असे कारखाने जगात मोजकेच. लहान देशातल्या रीसायकलरने बोर्ड वेगळे काढून तिकडे पाठवायचे म्हटले, तर त्यालाही तीच संमती, वाटेतल्या प्रत्येक देशाची. कागद अडकले की गोदाम भरतं आणि माल पुन्हा ॲसिडच्या टबात बुडवून सोनं काढणाऱ्याकडे जातो. करारातच यावर एक सोय आहे: तोच माल, तोच कारखाना, तोच मार्ग असेल तर १२ महिन्यांपर्यंतच्या खेपांना मिळून एकच सूचनापत्र. ती जास्त वापरली गेली पाहिजे.

आता तुम्ही परदेशातून जुने लॅपटॉप मागवत असाल तर. भारतात २०१६ चे घातक व इतर कचऱ्याचे नियम लागतात, त्यामुळे परवानगीचं आधी बघा. मग चाचणीची यादी मागा, सिरीयल नंबरसकट, आणि माल भरण्याआधी. बॅटरी चार्ज धरते का, मशीन चालू होऊन स्क्रीन येते का, डिस्क पुसली आहे का, हे नगवार हवं. भरताना आतल्या रांगांचे फोटो मागा. आणि करारात एक ओळ घाला: बाद निघालेल्या नगांचं परतीचं भाडं पाठवणाऱ्याकडे. या ओळीवर जो घासाघीस करतो, त्याचा माल घेऊ नका.