नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी सांगाडा

(दृश्य: पहाट. देवापुढे पणती. पाटावर बसलेला मुलगा, अंगाला तेल.)

31 ऑक्टोबर 2024. न्यू जर्सीतलं एडिसन. बाहेर अजून अंधार आहे आणि घरभर उटण्याचा वास. आज नरकचतुर्दशी. कुडाळहून आलेल्या सासूबाई नातवाला तेल चोळताहेत. कारीट इथे मिळत नाही, म्हणून कुंडीतला शेवटचा चेरी टोमॅटो त्याने अंगठ्याखाली फोडला.

आणि आजच हॅलोविन, मुलांनी भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायचा दिवस. अभ्यंगस्नान करून बसलेल्या या सात वर्षांच्या मुलाला संध्याकाळी सांगाडा व्हायचंय.

"सणाच्या दिवशी पोराच्या तोंडावर हाडं कसली काढतेस गो?" सासूबाईंनी विचारलं.

प्रश्न खरा होता. मी त्यांना सांगितलं, की ही मूळची आयरिश आणि स्कॉटिश लोकांची चाल. सुगी संपून हिवाळा लागायच्या रात्री गेलेली माणसं घराकडे फिरकतात, असं ते मानत. एकोणिसाव्या शतकात हे लोक बोटीतून अमेरिकेला आले, तेव्हा ही रात्रही त्यांच्याबरोबर आली. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आज आपल्याकडेही यमतर्पण असतंच की." एवढं बोलून त्या फराळाच्या डब्यांकडे वळल्या.

(दृश्य: दुपार. जेवणाच्या टेबलावर आरसा, स्पंज, ब्रश, पांढऱ्या-काळ्या रंगाच्या डब्या.)

माझं माहेर सिंधुदुर्गातलं. जत्रेच्या रात्री देवळामागे दशावतारी नट हातातल्या आरशात बघून आपला चेहरा आपणच रंगवायचे, ते बघत मी मोठी झाले. नाटक सुरू व्हायच्या आधीचा तो तास मला नाटकाहून प्रिय होता. जुनी नटमंडळी तोंडाला मुर्दाडशिंग लावत. ते शिशाचं ऑक्साईड, म्हणजे विषच. रंगासाठी त्यांनी कातडीची किंमत मोजली. म्हणून मुलाच्या तोंडाला हात लावण्याआधी डबीवरचं बारीक अक्षर मी भिंग घेऊन वाचते.

गेल्या वर्षी नाही वाचलं. स्वस्तातला संच आणला, आणि रात्री त्याचे दोन्ही गाल लालबुंद झाले. तो रडला नाही. नुसता हात गालावर धरून बसला. ते मला अजून आठवतं. यंदा दोन दिवस आधी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका लावून पाहिला. कातडी स्वच्छ राहिली, तेव्हाच डबी टेबलावर आली. आणि कागदावर रंगवायचे ॲक्रिलिक रंग, त्यांवर बिनविषारी असं लिहिलेलं असलं तरी, चेहऱ्यासाठी नसतातच.

(दृश्य: आईचा अंगठा मुलाच्या भुवईवरून हळूहळू फिरतो.)

ब्रश उचलायच्या आधी हात धुऊन चेहरा चाचपायचा. सगळी कला इथेच आहे. बहुतेकजण डोळ्यांभोवती दोन गोल काढतात, आणि मग मुलगा पांडा दिसतो. कवटीतली डोळ्याची खोबण गोल नसते. अंगठा भुवईवर ठेवा, कडेकडेने कानशिलाकडे न्या, मग गालाच्या हाडावरून नाकाकडे परत आणा. चौकोनासारखी, बाहेरच्या कोपऱ्यात जराशी खाली उतरलेली. बोटाला लागते ती कड डोळ्यापेक्षा कितीतरी मोठी असते. मी ती भुवयांच्या पेन्सिलीने आखून घेते. भुवई काळ्या रंगाच्या आत जाते, आणि तिथेच माणसाचा चेहरा ओळखू येईनासा होतो.

नाकाचं उलटं. वरचा भाग तेवढा हाडाचा, तो पांढरा ठेवायचा. खालचं सगळं कूर्चा. कवटीत ते उरत नाही, उरतं ते भोक, पत्त्यांतल्या उलट्या बदामासारखं. म्हणून नाकाचा शेंडा आणि नाकपुड्यांच्या बाजू काळ्या.

"मासा कर," मी म्हटलं. त्याने गाल आत ओढले. गालाच्या हाडाखाली जी खळी पडली, ती सावलीची जागा. कानशिलावरची खोलगट जागाही तशीच.

(दृश्य: स्पंजने पांढरा रंग दाबून लावला जातो.)

आधी पांढरा, काळ्याच्या जागा मोकळ्या सोडून. ओल्या पांढऱ्यावर काळा चढवला की सगळं राखाडी होतं. हाड खडूसारखं पांढरंफेक नसतं, म्हणून मी त्यात पिवळ्याचा एक ठिपका मिसळते. स्पंज घासायचा नाही, दाबत जायचा. पाण्यात कालवायचा रंग जाड लावला तर पहिल्याच हसण्याला तडकतो. दोन पातळ हात द्यावेत, मध्ये वाळू द्यावं. मग काळा. पापण्यांच्या मुळाशी मी थांबते. डोळ्याजवळ चालतो असं डबीवर लिहिलेलं असेल, तोच रंग तिथे वापरायचा, आणि आतल्या कडेला तोही नाही.

दात शेवटी. ओठांची फट दोन्ही बाजूंना गालापर्यंत लांबवायची, मग ओठांवरून उभ्या रेघा. त्या ओठाच्या कडेशी थांबल्या तर दात चिकटवल्यासारखे दिसतात. कवटीला हिरडी नसते, तेव्हा रेघ वर मुळापर्यंत गेली पाहिजे, टोकाला निमुळती होत.

इथे त्याने माझा हात धरला. "आई, माझा पडलाय तो नको काढूस."

समोरचा वरचा दात परवाच पडलाय. मी ती जागा पूर्ण काळी भरली. माझ्या मते सबंध चेहऱ्यात ती सगळ्यात चांगली जमली आहे, कारण आता हा कुणाचाही सांगाडा नव्हता. त्याचाच होता.

सासूबाई कधी शेजारी येऊन बसल्या, कळलं नाही. त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं, मग खोबणीच्या कडेवर. "माझंही असंच लागतं," म्हणाल्या. आणि काळा रंग लागलेल्या हातातला ब्रश घेऊन मला दुसरा, स्वच्छ, दिला.

(दृश्य: संध्याकाळ. दारात आकाशकंदील, पायरीवर कोरलेला भोपळा आणि पणत्या. सांगाडा धावत येतो.)

मेक्सिकोतली फुलाफुलांची कवटी अनेकजण याच दिवशी रंगवतात. ती वेगळी. मेक्सिकन चित्रकार होसे ग्वादालूपे पोसादा यांनी 1910 च्या सुमारास कोरलेली कात्रिना, म्हणजे टोपी घातलेली कवटी, तिच्या मुळाशी आहे, आणि 1 आणि 2 नोव्हेंबरला मेक्सिकन घरांत ती गेलेल्यांच्या स्वागताला असते. तिचं काम भीती दाखवायचं नाही. आमचा सांगाडा मात्र शेजारच्या आजोबांना घाबरवून आला, आणि पिशवीतल्या चॉकलेटांवर त्यांनी दिलेली चकली घेऊन आला.

(दृश्य: रात्र. न्हाणीघराचा दिवा. कापसाचा बोळा.)

रंग लावून झोपू द्यायचं नाही, कितीही पेंगला तरी. पाण्याने पांढरा निघाला, काळा डोळ्यांभोवती अडून राहिला. सासूबाईंनी सकाळची तेलाची वाटी आणली. अर्धी उरली होती. डोळे मिटायला सांगून त्यांनी बोळा तेलात बुडवला आणि भुवईवरून, कानशिलावरून, गालाच्या हाडावरून, त्याच कडेकडेने फिरवत नेला. खोबणी गेल्या. दात गेले. मोकळी जागा तेवढी राहिली.

वाटीतलं तेल राखाडी झालं होतं.