पुढचा एक दाता म्हणजे मागचे चार

ही मोटारसायकलची गरारी बघा, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दात्यांचं चाक, तेरा दात्यांची, हातात घ्या आणि मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, तेल लागलंय थोडं, पोहे खाऊन झाले असतील तर बरं. पुण्याकडे स्प्रॉकेट म्हणतात, आपण इंदूरवाले गरारीच म्हणणार, सांभाळून घ्या. मुद्दा एवढाच की इंदूरजवळच्या चोरल किंवा जानापावकडच्या दगडधोंड्यात, सागाच्या वाळक्या पानांवरून, जिथे सायकलवालाही आपल्याला मागे टाकेल अशा वेगाने जायचं असतं, तिथे चेनच्या पुढे किती दाते आणि मागे किती हे कसं ठरवायचं.

आधी हिशोब, पटकन. मागचे दाते भागिले पुढचे. पुढे १३ आणि मागे ४८ म्हणजे ३.६९. हा आकडा मोठा झाला की गाडीची ओढ वाढते आणि टॉप स्पीड कमी होतो. पण आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून मी दुसऱ्या पद्धतीने सांगतो. मागच्या टायरला खडूची एक रेघ मारा, टायर एक फेरा जमिनीवर फिरवा आणि टेपने मोजा. अठरा इंची मागच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर भरतो. आता इंजिनाकडची छोटी गरारी एकदा फिरली की गाडी किती सरकेल? १३-४८ वर ५७ सेंटीमीटर. १४-४८ वर ६१. १२-४८ वर साडेबावन्न. आणि १३-५२ वर? तेच साडेबावन्न, कारण १२-४८ आणि १३-५२ दोन्ही बरोबर ४ येतात. म्हणजे पुढचा एक दाता मागच्या चारांच्या जवळपास बसतो, म्हणून बारीक फरक हवा असेल तर मागे एक-दोन दाते हलवा, पुढचा एक दाता एकदम मोठी उडी असते.

रस्त्यासाठीच्या गाडीचा अंदाज द्यायचा तर सुझुकीची डीआर-झी ४०० एस १५-४४ वर येते, म्हणजे २.९३. हायवेला मस्त, झाडांच्या मधून अवघड. आणि बऱ्याच २५० सीसीच्या मोटोक्रॉस गाड्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर शर्यतीसाठीच्या, १३ आणि ४८ ते ५१ च्या आसपास असतात, तरी जंगलात त्या सुद्धा जड जातात, कारण त्यांचा पहिलाच गिअर लांब असतो. केटीएमने म्हणूनच मोटोक्रॉसच्या २५० फोर-स्ट्रोकला पाच जवळजवळचे गिअर दिले आणि एंड्युरोवाल्या, म्हणजे जंगल-डोंगरातल्या लांब वाटांसाठीच्या, ईएक्ससी मॉडेलला सहा, दूरदूर पसरलेले.

आता माझी गंमत. माझी जुनी अडीचशे फोर-स्ट्रोक १४-४८ वर होती, आणि मी सगळीकडे पहिल्या गिअरमध्येच चालवायचो, कारण दुसऱ्यात टाकली की वळणावर इंजिन डुगडुगायचं आणि बंद पडायचं, मग क्लच ओढा, परत किक मारा. पहिल्यात मात्र इंजिन बोंबलतं, थ्रॉटल जरा सोडला की झटका, जरा दिला की चाक फिरतं, दोन तासांत हातांचा भुगा. मी म्हणायचो, इंजिनात दम नाही. दम होता. १३-५० केलं, म्हणजे तो भागाकाराचा आकडा आधीपेक्षा साधारण १२ टक्के मोठा, ओढ जास्त आणि वेग कमी, याला आपण खाली जाणं म्हणू, आणि मग तोच दगडी चढ दुसऱ्यात, क्लचला दोन बोटं लावून, शांतपणे झाला. अजून खाली जाऊ या म्हणून मी १२-५० केलं, हाव झाली ना भिया. आता पहिला फक्त गाडी हलवण्यापुरता, दुसरा ओरडतोय, तिसरा बंद पडतोय, आणि दर वळणाला डावा पाय गिअरवर. महिन्याभरात परत १३-५०.

यातली गोष्ट लक्षात घ्या की गरारी बदलल्याने दोन गिअरांमधलं अंतर काही बदलत नाही. सगळीच शिडी खाली किंवा वर सरकते, पायऱ्या तेवढ्याच दूर राहतात. म्हणून आधी विचारायचं, माझ्या वाटेतला सगळ्यात अरुंद भाग मला कोणत्या गिअरमध्ये काढायचाय? माझ्या मते दुसऱ्यात, पहिला हाताशी राखून, एखादी दगडाची पायरी आली तर. दुसऱ्यात डुगडुगत असेल तर मागे दोन दाते वाढवा. अरुंद जागेतसुद्धा सारखं दुसरा-तिसरा करावं लागत असेल तर तुम्ही जास्तच खाली गेलाय, मागचे दोन दाते कमी करा. टॉप स्पीडचा विचार खंडवा रोडवर करा, सागात नाही.

एक प्रश्न आला, १२-४८ आणि १३-५२ सारखंच असेल तर स्वस्त पडणारी पुढची छोटी गरारीच का नको? चांगला प्रश्न आहे. बाराच्या गरारीवर चेनची प्रत्येक कडी ३० अंशात वाकते, तेरावर पावणेअठ्ठावीस, म्हणून चेन लवकर झिजते. शिवाय ५२० नंबरच्या चेनला (नंबरांचं पुढे सांगतो) बाराची गरारी तेरापेक्षा व्यासाने पाच मिलिमीटर लहान, म्हणजे चेन स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, प्लास्टिकवर अडीच मिलिमीटर खाली येऊन घासते. मी ते प्लास्टिक एकदा आरपार कापून घेतलंय, खालचं अॅल्युमिनियम दिसायला लागलं तेव्हा कळलं. तेरा विषम असण्याचाही फायदा आहे, चेनच्या कड्या सम असतात, त्यामुळे तोच दाता सारखा त्याच कड्यांना भेटत नाही, झीज वाटली जाते.

उलट बाजूही ऐका, ५२ ची मोठी गरारी ४८ पेक्षा खाली एक सेंटीमीटरने लोंबते, आणि आपल्याकडे काळ्या दगडाचे सुळे आहेत, एक जोरात बसला की दाता वाकडा. पावसात काळी माती पुढच्या गरारीच्या कव्हरमध्ये अशी ठासून बसते की चेन उडते, तिथे छोट्या गरारीला जागा जास्त मिळते. म्हणजे दोन्हीकडे काहीतरी द्यावं लागतं.

अजून एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही. चेन तीच ठेवून मागे चार दाते वाढवले की मागचं चाक साधारण १६ मिलिमीटर पुढे येतं, पुढे एक दाता कमी केला की चार मिलिमीटर मागे जातं. सारखंच गुणोत्तर, पण गाडीच्या लांबीत दोन सेंटीमीटरचा फरक. लांब झालेली गाडी वळणावर सुस्त वाटते, आखूड झालेली चपळ पण चढावर पुढचं चाक उचलते. मला चपळ आवडते, ज्याची कंबर माझ्यापेक्षा चांगली त्याने स्वतःचं बघावं.

खरेदी करताना नंबर बघा. ५२० मधला पहिला आकडा कड्यांमधलं अंतर सांगतो, इंचाच्या आठव्या भागात, म्हणजे पाच अष्टमांश इंच. ४२८ मध्ये चार अष्टमांश, अर्धा इंच. एकाची गरारी दुसऱ्याच्या चेनवर चालत नाही. आणि जुन्या चेनवर नवी गरारी लावू नका, पाचशे रुपये वाचवायला जाऊन दोन्ही घालवाल, मी घालवलेत.

स्पीडोमीटरचं? हो, ज्याचा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला असतो त्याचं रीडिंग चुकीचं येईल, पुढच्या चाकावरचं नाही. आणि ती गरारी कुठपर्यंत पोचली? मला परत हवीये ती, संध्याकाळी गाडीला लावायचीय.