बिग बर्ड मागे का पडला?

हा पिवळा पक्षी बघा. उंची 8 फूट 2 इंच, वय मात्र सहा वर्षं. 10 नोव्हेंबर 1969 रोजी अमेरिकेच्या टीव्हीवर 'सेसमी स्ट्रीट' हा एका गल्लीत घडणारा, बाहुल्यांचा मुलांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून बिग बर्ड त्या गल्लीत राहतोय. एके काळी सगळी गल्ली त्याच्याभोवती फिरायची. आता तो अधूनमधून दिसतो, आणि जे त्याच्यासोबत मोठे झाले त्यांच्या जिवाला ते लागतं.

बहुतेकांचा राग निघतो एल्मोवर. त्याच कार्यक्रमातला लाल, चिमुकला, साडेतीन वर्षांचा एल्मो. 1996 च्या नाताळात, गुदगुल्या केल्या की खिदळणारा एल्मो घ्यायला अमेरिकेतल्या दुकानांत झुंबड उडाली होती. दोन वर्षांनी कार्यक्रमात त्याचा स्वतंत्र भागच सुरू झाला. पक्ष्याचे चाहते म्हणतात, खेळणी खपली म्हणून आमचा पक्षी मागे सारला. एल्मोवाले म्हणतात, अहो, बघणारी मुलंच आता लहान आहेत. यात तथ्य आहे. दोन-तीन वर्षांची मुलं टीव्हीसमोर बसू लागली होती, आणि तासाभराच्या कार्यक्रमात शेवटी शेवटी त्यांचं लक्ष उडायचं. त्यांना धरून ठेवायला एल्मो आला. त्याच्यावर डूख धरू नये, असं मला मनापासून वाटतं.

वादाच्या भरात एका माणसाचा उजवा हात मात्र कुणाला आठवत नाही.

कॅरल स्पिनी बिग बर्डच्या पिसांच्या पोशाखात शिरायचे आणि उजवा हात सरळ डोक्यावर धरायचे. पक्ष्याचं डोकं म्हणजे त्यांचा तो पंजा. चोच बोटांनी हलायची, डोळ्यांची हालचाल करंगळीनं. डावा हात पक्ष्याच्या डाव्या पंखात. तिथून तंगूस ओवून उजव्या पंखाला बांधलेली, त्यामुळे डावा पंख खाली गेला की उजवा आपोआप वर. बाहेरचं काही दिसायचं नाही. छातीवर बांधलेल्या एवढ्याशा पडद्यात बघत चालायचं, बोलायचं, गायचं.

एक हात डोक्यावर धरून पाच मिनिटं उभं राहून बघा. स्पिनींनी हे 2015 पर्यंत केलं. तेव्हा ते ऐंशी पार करून गेले होते. तोल राहीना, म्हणून पोशाख उतरवला, तरी 2018 पर्यंत आवाज त्यांचाच होता. 2019 च्या डिसेंबरमध्ये ते गेले. दरम्यान कार्यक्रमही तासाचा अर्ध्या तासावर आला होता. वेळ निम्मा झाल्यावर कुणाच्या तरी वाट्याला कात्री लागणारच होती.

ही सगळी कारणं मला पटतात. तरीही पक्ष्याच्या चाहत्यांचं दुःख खरं आहे, आणि ते का, हे कळायला 1983 मध्ये जावं लागेल.

गल्लीतले दुकानदार मिस्टर हूपर साकारणारे विल ली 1982 च्या डिसेंबरमध्ये वारले. त्यांच्या जागी दुसरा नट आणता आला असता. हूपर गाव सोडून गेले, असंही सांगता आलं असतं. कार्यक्रमवाल्यांनी मुलांना खरं सांगायचं ठरवलं. प्रसंग दाखवला 24 नोव्हेंबर 1983 ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला, म्हणजे आईवडील घरी असतील.

त्यात बिग बर्ड सगळ्या मोठ्यांची चित्रं काढून आणतो. ज्याचं त्याला देतो. एक उरतं, हूपरचं. ते आले की देईन, म्हणतो. मोठी माणसं एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी सांगतं, ते वारलेत, आता परत येणार नाहीत. पक्ष्याला कळत नाही. तो पुन्हा विचारतो. असं का व्हावं लागतं, म्हणून विचारतो. समोरच्या मोठ्यांचे डोळे भरून येतात, आणि उत्तर त्यांच्याकडेही नसतं.

साडेतीन वर्षांच्या एल्मोनं हे विचारलं असतं, तर त्याला कडेवर घेऊन गप्प केलं असतं. सहा वर्षांचं मूल उत्तर मिळेपर्यंत हटत नाही. गल्लीत ते मूल आता क्वचित दिसतं.

ते चित्र स्पिनींनी स्वतःच्या हातानं काढलेलं होतं. पुढे कित्येक वर्षं ते बिग बर्डच्या घरट्यापाशी टांगलेलं होतं.